ट्रंक, सुताच्या गाठी आणि पंधरा रकाने

पाटी झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटोची आहे. तिच्या खालच्या कडेला नंतर कधीतरी हाताने रंगवलेली एक ओळ आहे, आधी कन्नडमध्ये आणि खाली मराठीत: ‘जुन्या कागदांची सूची करून मिळेल.’ बेळगावात शहापूरहून खासबागेकडे जाताना ही ओळ वाचली आणि मी स्कूटर थांबवली. तेहतीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात सूचीचं काम केलं. ‘सूची’ हा शब्द कपाटाच्या खणांवर वाचला होता, परीक्षेच्या पेपरात वाचला होता. दुकानाच्या पाटीवर कधी वाचला नव्हता.

दुकानाचं नाव इथे देत नाही. पुढे त्यांच्या एका चुकीबद्दल सविस्तर लिहिलं आहे आणि ती चूक त्यांनी पदरमोड करून निस्तरली आहे. इंटरनेटवर तक्रार वर तरंगत राहते आणि दुरुस्ती तळाला जाते. या माणसांच्या बाबतीत तसं व्हायला नको. ज्यांना जायचंच आहे त्यांना ती ओळ सापडेल.

माझ्याकडे वडिलांची लोखंडी ट्रंक होती. वडील शहापुरातले विणकर, घरी दोन माग. १९३८ ते १९८४ एवढ्या काळातले त्यांचे कागद त्यात होते: सुताच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या, विणकरांच्या सोसायटीची पत्रं, नाटकांची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, भावकीतली भांडणं मिटवल्याचे कागद आणि आजोबांच्या हातचा एक मोडीतला गठ्ठा. सगळे मिळून सात गठ्ठे, मागावरच्याच सुताने बांधलेले. आई गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. मी सूचीकार असूनही निवृत्तीनंतरची सहा वर्षं ती उघडली नाही. परक्याच्या कागदांची नोंद करणं सोपं असतं. वडिलांचं अक्षर दिसलं की हात थांबतो.

काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी असते. ती आणि तिचे मामा मिळून दुकान चालवतात. ट्रंकेकडे बघून तिने दर सांगितला नाही, पानं मोजली नाहीत. म्हणाली, “सर, हे पुढं कोण शोधणार हाय, ते पहिला सांगा. तुम्ही, का तुमची मुलं, का बाहेरचं कोण?”

हा प्रश्न मला सुरुवातीच्या दिवसांत माझ्या वरिष्ठांनी विचारला होता. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचे १९३१ चे पाच नियम आम्ही पाठ केले होते, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हाच सांगतो. वाचक कोण ते कळल्याशिवाय त्याचा वेळ कसा वाचवणार? मी तिला विचारलं, ग्रंथालयशास्त्र शिकलीस का. नाही, बी.कॉम. केलंय. पण एका वकिलाच्या ऑफिसात तीन वर्षं जुन्या फायली शोधून द्यायचं काम केलं होतं. तिथे ती हे शिकली.

दर लिहून ठेवण्यासारखे आहेत. स्कॅनिंगला पानाला चार रुपये. सूचीच्या प्रत्येक नोंदीला बारा रुपये. मोडीचं वाचन वेगळं, ते अजून ठरलेलं नाही. माझी ६१३ पानं आणि २१४ नोंदी झाल्या. पेन ड्राइव्हवर फायली, एक्सेलमध्ये सूची आणि त्याच सूचीची छापलेली, शिवलेली एक वही मिळते. वहीचे वेगळे पैसे नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू ती वहीच आहे, कारण माझ्या थोरल्या बहिणीला एक्सेल उघडता येत नाही.

आता त्या चुकीबद्दल.

मी ट्रंक ठेवून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी दुकानात नव्हती. मदतीला ठेवलेल्या एका पोराने मोडीचा वगळता सगळे गठ्ठे एकदम सोडले आणि कागद आकाराप्रमाणे लावले. लहान पावत्या एकीकडे, फुलस्केप एकीकडे. स्कॅनरला ते सोयीचं पडतं. दोन दिवसांत मोडीचा गठ्ठा सोडून सगळं स्कॅन झालं आणि मला फोन आला. जाऊन बघतो तर फायली स्वच्छ, सरळ, प्रकारवार आणि तारखेप्रमाणे लावलेल्या. बघणाऱ्याला वाटेल, याहून चांगलं काय हवं?

पण माझ्या पोटात गोळा आला. वडिलांनी ते कागद तारखेने बांधलेले नव्हते. ते कामाने बांधलेले होते. थोरल्या आत्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनी सुताच्या उधारीच्या पावत्यांबरोबर बांधली होती, कारण त्या लग्नासाठी सूत उधारीवर उचललं होतं आणि ती उधारी फेडायला चार वर्षं लागली. त्याच गाठीत एका नाटकाचं हस्तपत्रक होतं. त्या नाटकाला जायचे पैसे नव्हते म्हणून ते गेले नाहीत, असं आई सांगायची. पत्रक मात्र जपून ठेवलं. तसं लावल्यावर पत्रिका लग्नपत्रिकांत गेली, पावत्या पावत्यांत, पत्रक नाटकांत. तीन बिनचूक नोंदी झाल्या आणि एक गोष्ट नाहीशी झाली.

दप्तरखान्यात काम केलेला कुणीही सांगेल की मूळ क्रम मोडू नये. ज्याने कागद जमवले त्याने ते ज्या क्रमाने ठेवले तो क्रमसुद्धा कागदाइतकाच पुरावा असतो. मी मुलीला हे सांगितलं. ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, “सर, गाठीचं सूत फेकलेलं नाही. कागदाला वण पण असतील की.” आणि खरंच होते. सुताने कागदाच्या कडेला खाच पडली होती, काही ठिकाणी टाचणीच्या गंजाचा डाग एका पानावरून खालच्या पानावर उतरला होता. ती आणि मी पाच दुपारी बसलो. खाचेला खाच, डागाला डाग जुळवत आम्ही सहापैकी पाच गठ्ठे जसेच्या तसे पुन्हा लावले. सहाव्यात अकरा कागद राहिले, ज्यांची जागा सांगता येत नाही. सूचीत त्यांच्यापुढे ‘मूळ गठ्ठा अनिश्चित’ असं प्रामाणिकपणे लिहिलं आहे. त्या पाच दिवसांचे पैसे तिच्या मामांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, “चूक आमची हाय न्हवं? मग कसलं पैसं?”

त्या पाच दुपारी मला एक लेख सारखा आठवत होता. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ‘अटलांटिक मंथली’त व्हॅनिव्हार बुश या शास्त्रज्ञाने एका टेबलाची कल्पना मांडली होती. त्याला त्याने ‘मेमेक्स’ म्हटलं. टेबलात मायक्रोफिल्मवर माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं. बुशचं म्हणणं होतं की वर्णानुक्रमाने नाहीतर आकड्यांनी लावलेल्या सूचीत माणसाचं मन चालत नाही. मन एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतं. म्हणून या टेबलावर दोन कागद एकमेकांना बांधता येतील, अशा बांधलेल्या कागदांची एक वाट तयार होईल आणि ती वाट दुसऱ्यालाही देता येईल. माहितीच्या ढिगाऱ्यातून अशा वाटा पाडणं हा काही लोकांचा व्यवसायच होईल, असंही त्याने लिहून ठेवलं. मी हे शिकलो तेव्हा ते यंत्राबद्दलचं भाकीत म्हणून शिकलो. वडिलांच्या हातची सुताची गाठ समोर ठेवून बसलो तेव्हा कळलं की बुश गाठीबद्दल बोलत होता, यंत्र फक्त ती बांधायला हवं होतं.

मुलीने या गाठी सूचीत कशा आणल्या ते सांगतो, कारण या दुकानाचं खरं काम तिथे आहे. ती प्रत्येक नोंदीला पंधरा रकाने भरते: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, साहाय्यक, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. बघताक्षणी मी ओळखलं. हा ‘डब्लिन कोअर’. पुष्कळांना वाटतं ते आयर्लंडमधलं डब्लिन. ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं छोटं गाव आहे. मार्च १९९५ मध्ये ५२ माणसं, त्यांत ग्रंथपालही होते आणि संगणकवालेही, तिथे जमली आणि इंटरनेटवरच्या कुठल्याही वस्तूची ओळख सांगायला कमीत कमी काय लागेल ते ठरवू लागली. आधी तेरा रकाने ठरले, नंतर पंधरा झाले. मुलीला हा इतिहास माहीत नव्हता. एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिला हे रकाने सापडले आणि उपयोगी वाटले म्हणून तिने ते घेतले. ‘मूळ स्रोत’मध्ये ती गठ्ठ्याचा क्रमांक लिहिते. ‘संबंध’मध्ये त्याच गाठीतल्या दुसऱ्या कागदांचे क्रमांक. आत्याच्या पत्रिकेच्या नोंदीत आता सुताच्या नऊ पावत्या आणि एक हस्तपत्रक जोडलेलं आहे.

गठ्ठा चारमध्ये आणखी एक वस्तू निघाली, जी वडिलांची नव्हती. माझीच एक दोनशे पानी वही. १९९७ साली आम्हा ग्रंथालयवाल्यांचा एक उजळणी वर्ग झाला होता, त्यातली टिपणं. आईने घर आवरताना ट्रंकेत टाकली असावी.

त्या वर्गात इंटरनेटवर दोन दिवस होते. आमच्यातल्या बहुतेकांनी इंटरनेट पाहिलेलं नव्हतं. वक्त्यांनी फळ्यावर तीन रांगा काढल्या होत्या, त्या माझ्या वहीत तशाच आहेत. पहिल्या रांगेत ग्रंथपाल: पुस्तकाची सूची करतो तशीच वेबपानाची करू, मार्क या संगणकावरच्या सूचीच्या पद्धतीत ८५६ क्रमांकाच्या रकान्यात इंटरनेटचा पत्ता घालू. ओहायोतल्याच ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने १९९४ मध्ये हा प्रयोग सुरू केला होता, अनेक ग्रंथालयं मिळून इंटरनेटची सूची करत होती. दुसऱ्या रांगेत यंत्र: डिसेंबर १९९५ मध्ये आलेलं अल्टाव्हिस्टा, पानातला प्रत्येक शब्द उचलून त्याची अनुक्रमणी करणारं. तिसऱ्या रांगेत लिहिणारा स्वतः: ज्याने पान बनवलं त्यानेच डब्लिन कोअरची चिठ्ठी त्याला चिकटवावी. या तिन्हींच्या बाजूला ‘याहू’ असं लिहून मी दोनदा अधोरेखित केलं आहे. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये आपल्या आवडत्या पानांची यादी म्हणून सुरू केलेली ती विषयवार निर्देशिका. श्रीनिजा श्रीनिवासन या बाई तिथलं वर्गीकरण बघत होत्या आणि माणसं एकेक पान वाचून त्याला खण देत होती. आम्हा सगळ्यांना ते आपलंसं वाटलं. ते आमचंच काम होतं.

शेवटी वक्त्यांनी प्रत्येकाला स्वतःचं भाकीत लिहायला सांगितलं. मी तीन वाक्यं लिहिली. ‘यंत्र शब्द शोधेल, विषय शोधणार नाही. याहूसारखी विषयसूची टिकेल आणि प्रत्येक भाषेची निघेल. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात सूचीकार लागतील.’

दुसरं आणि तिसरं चुकलं, आणि चुकलं त्याचं मला वाईट वाटतं. याहूची निर्देशिका २०१४ संपता संपता बंद झाली. स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉज नावाची मोठी निर्देशिका १९९८ मध्ये सुरू झाली होती, ती २०१७ च्या मार्चमध्ये मिटली. पानं जन्माला येण्याचा वेग वाचणाऱ्या माणसांच्या वेगापेक्षा फार पुढे गेला. आज नोंदवलेलं पान उद्या त्या पत्त्यावर नसायचं. आणि एका पानाला एकच खण दिला की दुसऱ्या खणात शोधणाऱ्याला ते दिसायचं नाही. या शेवटच्या अडचणीवर रंगनाथन यांनी १९३३ च्या ‘कोलन क्लासिफिकेशन’मध्ये वाट दाखवलेली होती. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या वेगवेगळ्या जोडल्या की वेगवेगळी खेळणी होतात. विषयाचंही तसंच करावं, तयार खण देऊ नये, पैलू द्यावेत आणि ते हवे तसे जोडावेत. आज ऑनलाइन साडी घेताना आपण रंग, कापड, किंमत असं निवडत जातो ना, ती हीच रीत. १९६२ मध्ये त्यांनी बेंगळुरूत सुरू केलेली प्रलेखनाची संस्था आपल्याच राज्यात आहे. तिचं नाव आमच्या भागात किती जणांनी ऐकलंय?

पहिलं वाक्य अर्धं खरं ठरलं. १९९८ मध्ये गूगल आलं. त्याने शब्दांबरोबर हे मोजलं की कुठल्या पानाला किती आणि कुठली पानं बोट दाखवतात. शास्त्रीय लेखांत कोण कोणाचा हवाला देतं हे मोजण्याची यूजीन गारफील्ड यांची पद्धत ग्रंथालयांत १९६० च्या दशकापासून होती, त्याच नात्यातली ही कल्पना. प्रत्येक लिंक कुणातरी माणसाने विचार करून बांधलेली गाठ होती. यंत्राने त्या गाठी मोजल्या. म्हणजे सूचीकार गेला नव्हता, तो लाखो लोकांत वाटला गेला होता.

मराठीच्या वाट्याला मात्र तेही उशिरा आलं. त्या वर्षांत मराठी साइट उघडली की आधी फाँट उतरवा अशी सूचना यायची. प्रत्येकाचा फाँट वेगळा, त्याची आतली सांकेतिक व्यवस्था वेगळी. पडद्यावर ‘शहापूर’ दिसायचं आणि यंत्राला आत रोमन अक्षरांचा काला दिसायचा. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक सांकेतिक व्यवस्थेत, १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट चालायला विंडोज २००० यावं लागलं आणि लोकांनी फाँटची सवय सोडायला आणखी काही वर्षं घेतली. गाठी मोजायचं यंत्र आलं तेव्हा आमचं सूत त्याला दिसत नव्हतं.

म्हणून या दुकानाबद्दल लिहावंसं वाटलं. इथे जे काम होतं ते दूर बसलेलं यंत्र अजून करत नाही, आणि सीमाभागात ते फार लागतं.

उदाहरण आमच्या घराचंच. ट्रंकेतल्या सगळ्यात जुन्या पावतीवर पत्ता आहे ‘शहापूर, सं. सांगली’. बेळगाव शहर इंग्रजी अमलात आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात, असं तेव्हा होतं. १९४८ नंतरच्या कागदांवर मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्य. त्या तारखेबद्दल आमच्या घरात काय बोललं जायचं ते वडिलांच्या एका पत्रात आहे, ते पत्र माझ्यापाशीच राहील. १९७३ नंतर कर्नाटक. आणि २०१४ पासून बेळगावी. घर एका विटेनेही हललं नाही. माझ्या भाच्याने त्या जुन्या पावतीचा फोटो काढून फोनमधल्या एका एआयला विचारलं तेव्हा त्याने छापील मजकूर चांगला वाचला आणि पावती सांगली शहरातली ठरवली. ठामपणे ठरवली. माझ्या नातवंडांनी ते खरं मानलं असतं.

मुलीने ‘व्याप्ती’च्या रकान्यात कागदावर जसं आहे तसं लिहिलं आणि शेजारी आजचं ठिकाण लिहिलं: गल्लीचं नाव, शहापूर, बेळगावी. शिवाय वहीच्या शेवटी तिने एक पान ‘पाहा’ नोंदींचं केलं आहे. बेळगांव, पाहा बेळगाव. बेळगावी, पाहा बेळगाव. बेलगाम, पाहा बेळगाव. वेणुग्राम, पाहा बेळगाव. आम्ही कार्डांवर हेच करत होतो. इंटरनेटच्या शोधखिडकीत ही पाच नावं म्हणजे पाच वेगळे शब्द असतात. कधी यंत्र ती जोडतं, कधी जोडत नाही, आणि केव्हा जोडलं नाही ते आपल्याला कळतच नाही.

तसंच भाषेचं. वडिलांच्या वहीत ‘माग’ आणि ‘मग्ग’ दोन्ही शब्द आहेत. देवनागरीतच, पण कन्नड माणसाशी व्यवहार असला की ‘मग्ग’, ‘नूल’, घरचा हिशेब असला की ‘माग’, ‘सूत’. तसे शब्द बदलताना ते क्षणभर थांबत असतील असं मला वाटत नाही. ती मुलगी घरात मराठी बोलते आणि शाळा कन्नड माध्यमात शिकली. तिने विषयाच्या रकान्यात दोन्ही शब्द दिले, कन्नड लिपीतही दिले. उद्या धारवाडहून कुणी कन्नड अभ्यासक शहापूरच्या विणकरांवर काम करायला आला तर त्याला माझ्या वडिलांची वही सापडेल. हे मी मागितलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं.

कमी काय आहे तेही सांगायला हवं. दुकानात बसायला एकच स्टूल आहे. काम सावकाश होतं, मला सात आठवडे लागले. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत झेरॉक्सची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. स्कॅनचं रिझोल्यूशन आधी ठरवून घ्या. त्यांनी पहिल्यांदा कमी ठेवलं होतं, फिकट पेन्सिलीच्या ओळी उमटल्या नाहीत, पुन्हा करावं लागलं. ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं यंत्राने वाचून घेणं, तेही करून देतात, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची सरमिसळ होते. तपासायला स्वतः बसा. आणि गठ्ठे देण्याआधी ते बांधलेल्या अवस्थेत प्रत्येकाचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. मी काढला नव्हता.

ओळखक्रमांकाबद्दल एक सूचना मी त्यांना केली आणि त्यांनी ती मानली. आधी ओळखक्रमांकात गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख घालत होते. नाव बदलतं, घर विकलं जातं, फायलीचा फोल्डर हलतो. १९९५ मध्ये ओसीएलसीने वेबच्या पत्त्यांसाठी कायमच्या पत्त्याची युक्ती काढली होती: बाहेर दिसणारा पत्ता कधी बदलायचा नाही, आतून तो कुठे नेतो ते फक्त बदलायचं. पोस्टाने १९७२ मध्ये पिनकोड दिला तेव्हा थोडं असंच केलं. जिल्ह्याचं नाव बदललं, ५९० ने सुरू होणारा आमचा आकडा तोच राहिला. आता ते अर्थ नसलेला साधा अनुक्रमांक देतात. माझ्या पहिल्या कागदाचा क्रमांक १ आहे आणि तो १ च राहील.

एवढ्याशा दुकानाची कुणाशी तुलना करावी? मला ब्रसेल्स आठवतं. १८९५ मध्ये पॉल ऑटले आणि हेन्री ला फाँतेन या दोन वकिलांनी तिथे जगात छापलेल्या सगळ्याची कार्डांवर सूची करायला घेतली. कार्डांची संख्या १ कोटी २० लाखांच्या वर गेली. लोक पोस्टाने, तारेने प्रश्न पाठवत आणि तिथली माणसं खणांत शोधून उत्तर पाठवत. पुढे १९३४ मध्ये ऑटलेने लिहून ठेवलं की एक दिवस वाचकाच्या टेबलावर पुस्तकं नसतील, एक पडदा आणि एक टेलिफोन असेल आणि दूरच्या संग्रहातलं पान मागितलं की पडद्यावर दिसेल. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं, जागा रिकामी करायला लावली, पुष्कळ संग्रह नष्ट झाला. ऑटले १९४४ मध्ये वारला. पडद्याचं त्याचं म्हणणं खरं झालं. त्याने दुसरीही एक गोष्ट गृहीत धरली होती: पडद्याच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं असेल, ज्याला खण माहीत आहेत. ती माणसं आपण कमी करत आणली. मी निवृत्त झालो त्या जागेवर कुणी आलं नाही.

मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची दोन भागांत केली. आम्ही नोकरीत रोज ती उघडायचो. ती एका माणसाच्या चिकाटीवर उभी राहिली. सीमाभागातल्या घराघरांतल्या ट्रंकांची तशी सूची कुणी केलेली नाही. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींच्या वह्या आहेत, खानापूरकडच्या गावांतले जमिनीचे कागद आहेत, येळ्ळूर, कडोली, उचगाव इथल्या संमेलनांची पत्रकं आहेत. वाळवी वाट बघत नाही. ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी निदान एक गठ्ठा नेऊन बघावा. दीडशे पानं आणि पन्नास नोंदी बाराशे रुपयांत होतात.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा त्या सोडलेल्या गाठींसाठी कापला आहे, आणि तो मुलीलाही मान्य आहे. मी तिला विचारून लिहितोय.

आजोबांचा मोडीचा गठ्ठा अजून सूतासकट तसाच दुकानात आहे. तेवढा एकच त्या पोराच्या हातून वाचला. तिने त्याला हात लावलेला नाही, वहीत ‘गठ्ठा ७, मोडी, अंदाजे चाळीस पानं, न उघडलेला’ अशी एकच नोंद आहे. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा ती वडगावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे मोडी शिकायला जाते. बाराखडी झाली आहे, जोडाक्षरं चालू आहेत. मी सांगितलंय, घाई नको. तिने दिवाळीनंतर या म्हटलंय, मी पहिली गाठ सोडताना समोर पाहिजे म्हणून.